अंकितच्या तिसऱ्या फॉर्मची पूर्वतयारी

३ फेब्रुवारी, पहाटे ५
पूजा आटोपली. नातू अंकित याच्या उद्धाराचे कार्य हाती घेतले. तो निवासी डॉक्टर, वर्ष पहिले. तो रुग्ण तपासत असताना वरिष्ठ शेजारी बसून पाहतात आणि फॉर्मवर फीडबॅक लिहितात. दोन फॉर्म प्रतिकूल. तिसराही तसाच आला, तर टर्म सहा महिने वाढेल. शेरा दोन्ही वेळा एकच: रुग्णाला बोलू देत नाही. ही निव्वळ निंदा. निंदा आणि स्तुती समान कशी मानावी, हे त्याला पाऊण तास समजावले. तो मध्ये काही विचारू पाहत होता. ओघ तुटू नये म्हणून मी थांबलो नाही.

६ फेब्रुवारी
अंकित शेरे वाचतच नाही. फॉर्म घडी करून एप्रनच्या खिशात ठेवतो. वैराग्याचा आरंभ झाला, असे समजतो. तिसऱ्या फॉर्मसाठी त्याने डॉ. पियूष या मवाळ वरिष्ठांना चहाच्या टपरीवर गाठले. रुग्ण नाही, तपासणी नाही; नुसती सही मागितली. विभागप्रमुख डॉ. सरिता तेथेच चहा घेत होत्या. त्यांनी फॉर्म स्वतःकडे घेतला. अठरा तारखेला त्या जातीने बसणार. शिष्याला गुरू निवडण्याचा अधिकार आहे, या विषयावर त्यांना पत्र लिहिले. अकरा पाने. अंकितने पोस्टात टाकतो म्हणून नेले.

९ फेब्रुवारी
घरी सराव. रुग्ण मी. अंकितने विचारले, काय त्रास होऊन राहिला, आबाजी. देहाच्या नश्वरतेपासून प्रारंभ केला. दुखण्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याची ड्यूटी लागली. सराव उत्तम.

१३ फेब्रुवारी
सराव आता स्वयंपाकघरात. रुग्ण प्रेमिला, माझी पत्नी. मार्गदर्शनासाठी दोनदा आत गेलो. ती म्हणाली, तुम्ही बाहेर बसा जी, पेशंट मी आहो. अंकित म्हणाला, तिले बोलू द्या ना, आबाजी.
मौनाचा संकल्प केला. मौनाचे माहात्म्य दोघांनाही जेवताना सविस्तर सांगितले.

१८ फेब्रुवारी, सायंकाळी ६
अंकित उत्तीर्ण. टर्म वाढणार नाही. शेरा: रुग्णाचे शेवटपर्यंत ऐकले. माझ्या परिश्रमांचे फळ. पेढे आणवले.
फॉर्मच्या तळाशी ‘हे कोणाकडून शिकलात’ असा रकाना आहे. चष्मा लावून माझे नाव शोधले. तेथे लिहिले आहे: आजीकडून. सरावात तिने त्याला सांगितले म्हणे: गुडघा सहा वर्षांपासून दुखतो, डावा कान तीन वर्षांपासून बंद. हे आजवर कोणी विचारले नव्हते.
अंकित तिला म्हणाला, उद्या कान दाखवून येऊ. ती म्हणाली, राहू दे गा, त्या बाजूले तुये आबाजी बसतात.
मी उठून तिच्या उजवीकडे बसलो. तिने खुर्ची फिरवून डावा कान माझ्याकडे केला.