दोन्ही बाजूंची बोटभर जागा

दावणगेरे,
९ फेब्रुवारी १९९९

प्रिय कोट्रेश,

तुझं पत्र पोचलं आणि त्याच्या मागोमाग शेंगाचटणीचा डबाही. डॉक्टरांनी माझं तिखट बंद केलंय, म्हणून तुझ्या गौरम्मावहिनीने तो डबा फळीवर इतका उंच ठेवला की आता तिलाच तो काढायला स्टूल लागतं. माझी तब्येत ठीक. गुडघे सोडले तर बाकीचा रुद्रमुनी अजून चालतो. गंगाच्या मोतीबिंदूचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. गदगला चांगला डॉक्टर नसेल तर हुबळीला ने, चालढकल करू नकोस.

गिरणीची चिमणी अजून उभी आहे. आवारात आता लग्नाचे मांडव पडतात. ज्या फाटकावर आपण एकोणीस दिवस बसलो तिथे चुरमुऱ्याच्या मंडक्कीची आणि मिरचीभजीची गाडी लागते. गाडीवाल्याला आपला संप ठाऊक नाही. त्याची मिरची मात्र चांगली असते असं ऐकतो.

बरं, एक काम आहे. तू दावणगेरेला ये. उगादीच्या सणाची वाट पाहू नकोस, याच आठवड्यात ये. दादापीर आजारी आहे. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय.

हे नाव वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. परत उचल, तम्मा. धाकट्या भावासारखं आजवर मी सांगितलेलं सगळं तू ऐकलंस, एवढंही ऐक.

तुम्ही दोघे एका गल्लीत वाढलात. एकाच सायकलवर गिरणीपर्यंत यायचात, तू खात्यात जायचास आणि तो पुढे मंडीपेटेत आपला फोटो स्टुडिओ उघडायला. तुरुंगातून सुटल्यावर तू त्याच्या दुकानासमोर गेलास, भर बाजारात पायरीवर थुंकलास आणि म्हणालास, "आजपासून मला दादापीर नावाचा कोणी मित्र नव्हता." लोकांनी हे मला येऊन कौतुकाने सांगितलं. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस त्या दिवशी गप्प बसला, तेव्हाच तुला संशय यायला हवा होता.

पण तू माझ्यावर संशय घेणारा नाहीस. अडचण तीच आहे.

आता फोटोचं सांगतो. त्र्याहत्तर साली बाजारात त्याच्या कॅमेऱ्याची रुंद फिल्म मिळेनाशी झाली होती, हे तुला आठवत असेल. लग्नाचे फोटोसुद्धा अडले होते. संपाचा पुढारी म्हणून मला संपाचे फोटो हवे होते. जगाला दिसलं पाहिजे, असा माझा हट्ट. माझा आतेभाऊ म्हैसूरच्या सिनेमा स्टुडिओत कामाला होता. शूटिंग झाल्यावर उरलेले फिल्मचे तुकडे तो डब्यात घालून माझ्याकडे पाठवायचा. तो डबा मी दादापीरच्या टेबलावर ठेवला.

त्याने डबा न उघडताच कपाळाला हात लावला. "अण्णा, ही सिनेमाची फिल्म. माझा कॅमेरा हिच्याहून रुंद फिल्म खातो. हत्तीला वाटीत चारा घालता आहात."

"चालेल की नाही ते सांग."

"चालवीन. जुन्या रुंद फिल्मच्या मागचा काळा कागद ठेवलाय मी. अंधारात त्याच्या बरोबर मधोमध ही पट्टी चिकटवतो. पण एक ध्यानात ठेवा. मला वरच्या काचेत चौकोन अख्खा दिसणार आणि फिल्मवर उतरणार मधली उभी पट्टी. दोन्ही बाजूंची बोट-बोट जागा गेली. ज्याला फोटोत यायचं असेल त्याने मधे उभं राहायचं. तुम्हाला काही शिकवावं लागत नाही म्हणा, तुम्ही कायम मधेच असता."

मी हसलो. गंमत म्हणून त्याने काचेवर दोन काळे दोरे डिंकाने चिकटवून दाखवले. या दोन दोऱ्यांच्या आत जे, तेवढंच जग. हे मला फोटोच्या आधी दोन आठवडे माहीत होतं. हे वाक्य पुन्हा वाच, कोट्रेश.

त्या दिवशी लेबर ऑफिसर वेंकटरामय्या पायऱ्यांवर आला. फाटकावर काय झालं ते तुला मी सांगायला नको. मी त्याच्या छातीला हात लावून ढकललं. तो मागे जाताना तू त्याचा सदरा धरलास, त्याला सावरायला. सदरा फाटला, तो पडला, खुबा मोडला. गर्दीत धक्का कोणाचा ते साहेबालाही कळलं नाही; हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. तू, मी, आणि काचेत डोकं घालून उभा असलेला दादापीर.

गर्दीत कोणाचं तरी कोपर लागून काचेवरचा एक दोरा निसटला होता. दादापीरच्या ते ध्यानात आलं नाही आणि तो अख्खी काच बघत राहिला. त्या काचेत आपण तिघेही होतो, नीट, ओळीने. फिल्मवर दोघेच आले. पडणारा साहेब आणि त्याचा सदरा मुठीत धरलेला तू. संपाच्या बाकी फोटोंबरोबर ते चित्र आधी पेपरात गेलं, मग पोलिसांकडे, मग कोर्टात. तू कोर्टात तोंड उघडलं नाहीस. मला निरोप पाठवलास, "अण्णा आत गेले तर संप दोन दिवसांत मोडेल. माझी काळजी करू नका." अठरा महिने बळ्ळारीच्या तुरुंगात. गिरणीने परत घेतलं नाही. तुझी आई तू आत असताना गेली.

धक्का माझा होता एवढं तुला ठाऊक आहे आणि तेवढं तू मला माफही केलं आहेस. म्हणून तर अजून दरवर्षी पत्रं लिहितोस. पुढचं ठाऊक नाही.

तुला पकडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी दादापीर माझ्या घरी आला. हातात पाकीट, पाकिटात ती फिल्म. म्हणाला, "अण्णा, कागदावर फोटो काढताना मी भोकांच्या कडा झाकतो. घाण दिसतात म्हणून. पण फिल्मवर चित्र भोकांच्या मधल्या जागेतही उतरतं. हे बघा."

मी खिडकीशी जाऊन फिल्म उजेडात धरली. अगदी कडेला, दोन भोकांच्या मधे एक पंजा होता, साहेबाच्या छातीवर टेकलेला. मनगटावर घड्याळ. तेच घड्याळ, जे तुम्ही कामगारांनी वर्गणी काढून मला दिलं होतं. तू घड्याळ कधी घातलं नाहीस. भोंगा असताना घड्याळ कशाला, म्हणायचास.

"ही कोर्टात दाखवतो," दादापीर म्हणाला. "कोट्रेश सुटेल. तुम्ही धक्काच दिला आहे, खून नाही केला. तुम्हाला वकील वाचवतील."

मी त्याला दीड तास समजावलं. संप, दोन हजार चुली, इतिहास, कामगारवर्गाची हाक. माझ्याकडे शब्द कमी नव्हते. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणून गप्प बसतो. पण फिल्म जाळणार नाही." आणि ती घेऊन गेला.

इथे तरी थांबायला हवं होतं.

त्या रविवारच्या सभेत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातला हनुमंतप्पा उभा राहिला. साधा माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही साहेबाच्या अगदी जवळ होता. आम्ही पाहिलं. मग फोटोत कसे नाही?"

दोन हजार माणसं माझ्याकडे बघत होती. खरं उत्तर फार लहान होतं. फिल्म अरुंद, ती मीच आणलेली, आणि तिच्या कडेला माझा हात. ते उत्तर द्यायला फार तर दहा शब्द लागले असते. मी दहा मिनिटं बोललो.

"मालकाकडे पैसा आहे! पोलिसांकडे काठी आहे! आणि आज कळलं, मालकाच्या पदरी एक कात्रीसुद्धा आहे! कोट्रेश एकटा दिसावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे साक्षीदार कापले गेले. ज्या हाताने आपल्या लेकरांचे फोटो काढले, त्याच हाताने आपला भाऊ कापून काढला!"

मी कोणाचं नाव घेतलं नाही. नाव न घेता माणूस कसा मारायचा, हे मला चांगलं येतं. सभा संपली तशी पोरं मंडीपेटेकडे धावली. स्टुडिओच्या दर्शनी काचा फुटल्या. कपाटातले फोटो रस्त्यावर आले, त्यात तुझ्या लग्नाचाही होता. त्यानंतर आपल्या वस्तीतलं एकही लग्न त्याच्याकडे गेलं नाही. पुढची वीस वर्षं त्याने ओळखपत्रांचे फोटो काढून घर चालवलं.

आणि तो बोलला नाही. एका शब्दानेही नाही. फिल्म त्याच्या घरात होती. एकदा चौकात आणून दाखवली असती तर मी संपलो असतो.

तू सुटून आलास तेव्हा लोकांनी तुला कात्रीची गोष्ट सांगितली. तू ती मला विचारलीस, आठवतं? "अण्णा, हे खरं का? दादापीरने कापलं?" मी म्हणालो, "जाऊ दे, तम्मा. गरीब माणूस आहे, मोहात पडला असेल." मी त्याला माफ केल्याचं नाटकसुद्धा केलं! तू माझे पाय धरलेस आणि तिथून उठून त्याच्या दुकानासमोर गेलास.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. पंचाहत्तरी. जुने कामगार, आमदार, शाल, फळांची परडी. त्याआधी चार दिवस दादापीरची मुलगी शमीम आली होती. मला वाटलं औषधांसाठी मदत मागेल. ती म्हणाली, "अब्बांना काही नको. कोट्रेशकाकांना एवढंच कळावं की मी कापलं नाही, असं रोज म्हणतात. तुम्ही सांगाल का?" फिल्मचं ते जुनं पाकीट टेबलावर ठेवलं आणि चहाही न घेता गेली.

म्हणून मी सत्कारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फिल्म, दोरे, भोकं, घड्याळ. "कात्री कोणाच्या हातात नव्हती. कात्री माझ्या जिभेत होती," असं म्हणालो. तोंडातून निघताच कळलं की वाक्य फार चांगलं झालं. टाळ्या पडल्या, कोट्रेश. लोक उठून उभे राहिले. आमदाराने डोळे पुसले आणि माइक घेऊन म्हणाला, "बघा, दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेणारा नेता! अशी माणसं आता होणार नाहीत." माझ्या गळ्यात आणखी एक हार पडला.

मी तसाच दादापीरकडे गेलो. पंचवीस वर्षांत त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. सुजून बसला होता, पाय पाटावर. मी झालेलं सांगितलं. तो इतका हसला की शमीम आतून धावत आली.

"अण्णा, तुम्ही खरं बोललात तरी लोकांना भाषणच वाटतं."

"मग काय करू?"

"कोट्रेशला पत्र लिहा. कागदाला टाळ्या वाजवता येत नाहीत." मग थोडा वेळ दम खात बसला. "आणि चूक माझीही होती, ते लिहा. दोरा निसटला ते मी बघायला पाहिजे होतं. एवढी वर्षं काम करतो आणि काचेत दिसतं तेवढं सगळं आलं, असं धरून चाललो. नवशिक्यासारखं." मी क्षमा मागायला तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाला, "तुमचं राहू द्या. त्याला बोलवा."

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं. पहिली पाच चांगली झाली होती.

सोबत ती फिल्म पाठवतो आहे. खिडकीशी उजेडात धरून कडेला बघ. वकिलासमोर सही केलेला माझा जबाबही आहे. तो छाप, कोर्टात दे, संघटनेला पाठव, तुला वाटेल ते कर. मी नाही म्हणणार नाही आणि खुलासाही करणार नाही. तुझे अठरा महिने, तुझी नोकरी, तुझी आई यांतलं काही माझ्याने परत करता येत नाही. तुझा मित्र अजून आहे. किती दिवस, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

शमीमचं घर जुन्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर. सकाळी ये, सकाळी त्याला जरा बरं असतं. त्याला ऐकू कमी येतं, तेव्हा जवळ बसून बोल. मी तिथे असणार नाही. परत जाताना माझ्या घरावरून जाऊ नकोस. तुला भेटलो तर मी बोलायला लागेन, आणि तू पुन्हा ऐकशील.

पत्राच्या शेवटी मोठ्यांनी आशीर्वाद लिहायचा असतो. लेखणी त्या शब्दावर येऊन थांबली आहे. तो लिहिण्याचा अधिकार माझा नाही.

रुद्रमुनी