ताटलीत पडलेला तुकडा

अरे ऐक,

जेवता जेवता आपल्या भिंगरीच्या ताटलीत ‘टण्ण’ वाजलं. मला वाटलं, खडा असेल. उचलून बघते तर दाढेचा तुकडा! तोंडात टॉर्च मारली, तर मागच्या दोन दाढा काळ्याठिक्कर, पोखरलेल्या, आणि हिरडीवर पुळी.

रोज मी ‘ई कर’ म्हणून तिचे दात बघत होते. पुढचे पांढरेशुभ्र दिसले की शाबासकी. ‘आ कर’ असं एकदाही म्हटलं नाही रे. आणि घास गालात धरून बसते म्हणून आपण दोघं महिनाभर तिच्यावर ओरडतोय. काल तर मी तिला ताटावरून उठवलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. ‘दुधाचे दात, पडतीलच की,’ हे तुझंच वाक्य त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “या दाढा पडायला अजून पाच वर्षं आहेत, बाई. तोवर पोरीनं सोसायचं का? आत्ता घेऊन या.”

म्हणून चौकातल्या त्यांच्या दवाखान्यात निघालोय. तुझं जेवण झाकून ठेवलंय, गॅस बंद आहे. तुकडा ओट्यावर वाटीत आहे, टाकू नकोस. कामावरून आलास की तडक तिकडेच ये. तिला धरायला मी एकटी पुरणार नाही. खरं तर मलाच धरायला कुणीतरी हवंय.

चप्पल घालता घालता ती विचारतेय, “आई, तू रोज बघायचीस ना? मग तुला दिसलं का नाही गं?”