सतरा नंबरचं पीठ

सोमवार, ४ मार्च

आमच्या प्रमुख बाई आज प्रयोगशाळेत चक्क काळा चष्मा लावून आल्या! मी विचारलं, "शूटिंग आहे का कुठे?" हसल्या नाहीत. "उजेड टोचतोय," म्हणाल्या आणि पुन्हा पाण्याची बाटली तोंडाला लावली.

पिठाचा नमुना आलाय. नंबर सतरा. धोतऱ्याचं बी दळलं गेल्याचा संशय. नमुना कुणी दिला, गिरणी कुणाची, सगळं बंद पाकिटात. निकालाआधी उघडायचं नाही. एवढंच कळलं की याच गिरणीचं पीठ मुलांच्या वसतिगृहात जातं. परवा नवी पोती जाणार.

"हे तूच करायचंस. मी हातही लावणार नाही," बाई म्हणाल्या. मी! एकटी!

मंगळवार, ५ मार्च

ही चाचणी ज्याने शोधली त्याचे पाय धरावेत. इवल्या खणांची प्लेट, खणांच्या तळाशी प्रतिपिंडं चिकटवलेली. पिठात शंभर गोष्टी असोत, ती नेमकं धोतऱ्याचं विष हुडकून धरतात. पोत्यात चिमूटभर असलं तरी!

सतराचे तिन्ही खण फिके राहिले. मी खुशीत लिहून टाकलं — स्वच्छ.

बाईंना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं. "चांगल्या पिठाचा खण कसा आहे?" "गडद पिवळा." "मग?"

मी पुन्हा प्लेटकडे पाहिलं. खाऊत शेंगदाण्याचा अंश शोधायच्या चाचणीत रंग आला म्हणजे सापडलं. सहा महिने तेच करतेय. इथे सगळं उलटं! आपण घातलेला रंगाचा पदार्थ आणि विष, दोघं एकाच जागेसाठी भांडतात. विषाने जागा बळकावली की रंग उतरतो. फिकं म्हणजेच विष. मी मुलांच्या ताटात वाढून मोकळी झाले होते!

"आता जन्मात विसरणार नाहीस." बस, एवढंच. दुसऱ्या कुणी सालटं काढली असती. अशी माणसं घडवतात कुठे?

बुधवार, ६ मार्च

पुन्हा केली. तेच. मोठ्या यंत्रावरही तेच. सही माझी. पोती वसतिगृहाच्या दारातूनच परत!

शुक्रवार, ८ मार्च

पाकीट उघडलं. नमुना देणाऱ्या — बाई. घरच्या डब्यातलं पीठ. गिरणी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची. काल तिला टाळं लागलं.

धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सोसत नाही, घसा सुकतो. परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं मी. आणि शूटिंग म्हणे!

आज चष्मा नव्हता. डोळे सुजलेले होते.