शनिवारच्या देवाचं कार्ड

फुलसावंगी
ता. १२ ऑक्टोबर १९६१

ती. दादास,
सत्यशीलाचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या खोकल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही. औषध घेतलं नाहीस तर मात्र सांगेन.

इथल्या सरकारी दवाखान्यात मला चार महिने झाले. आमच्या डॉक्टरांनी ठरवलंय, एका रोग्याचं एक कार्ड. त्यावर आजार, दिलेलं औषध, आणि सोसत नाही ते लाल शाईनं. पूर्वी एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात आजची ओळ लिहायची आणि उद्या ती कुणी पाहायची नाही. ते बारा वर्षं लिहिणारे कंपाउंडर घनश्यामभाऊ माझ्या कार्डांना पत्त्यांचा डाव म्हणतात आणि रोज सकाळी विचारतात की आज राणी कोणत्या खणात आहे.

कार्डं नवऱ्याच्या नावानं लावायची असा नियम आहे, आणि इथली एक बाई नवऱ्याचं नाव घेईल तर शपथ! कुणी चंपाचे बाबा म्हणते, कुणी नुसतीच पदर तोंडात धरून हसते. वच्छलाबाई म्हणाली, शनिवारचा देव आठव, तेच नाव. मी आपलं लिहिलं शनी, आणि कार्ड ‘श’च्या खणात टाकलं. त्यावर लाल शाईत होतं : पेनिसिलीन देऊ नये, तोंड सुजतं, श्वास कोंडतो.

परवा तिचा नवरा तिला घेऊन आला. नाव सांगितलं मारोती. ‘म’मध्ये कार्ड नाही. डॉक्टरांनी सुई भरली, तेव्हा तिनंच हात ओढून घेतला, म्हणाली मले हे सोसत नाही. कार्ड नंतर ‘श’च्या खणात सापडलं, दादा. चूक सर्वस्वी माझी.

जानेवारीत जिल्ह्याचे साहेब तपासणीला येतील. तोवर कार्डं हाताशी सापडली नाहीत तर पुन्हा रजिस्टर सुरू, आणि माझी कच्ची नोकरी संपली. आपल्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. आईनं गल्लीभर गूळ वाटला होता. तिला कोणत्या तोंडानं सांगू?

पत्राची वाट पाहते. रागावलास तरी चालेल, पण उत्तर दे.
तुझी
सत्यशीला


वणी
ता. २९ ऑक्टोबर १९६१

चि. सत्यशीलास,
श्रावणचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

औषध घेतो आहे. धमक्या पुरे.

माझ्या एका पाळीत तीन मारोती आहेत. इतकं कॉमन नाव तुला सुचू नये? मॅट्रिक पास झाल्याचा दाखला जरा पुन्हा तपासून घे.

आता नीट वाच. खाणीत उतरताना आम्ही खिळ्यावरचा आपापल्या नंबरचा बिल्ला उचलतो आणि वर आलो की परत अडकवतो. ऑफिसला श्रावण ठाऊक नाही, १४२ ठाऊक आहे. याचा मला फार राग यायचा. पण गेल्या साली खाली छत बसलं, तेव्हा कोणते खिळे रिकामे हे पाहून अडकलेले पाच जण कोण ते लगेच कळलं. पाचही वर आले. त्या दिवसापासून राग गेला.

नवऱ्याचं नाव विचारतेस कायले? नंबर दे. इथल्या लोहारानं रॉकेलच्या डब्यांचा पत्रा कापून तीनशे बिल्ले करून दिले आहेत, आकडे ठोकून, कडा घासून. तिकडं येणाऱ्या मोटारीच्या शंकरसिंग ड्रायव्हरकडे पिशवी दिली आहे. भोकातून काळा दोरा ओवून गळ्यात बांधायला सांग. दोरा कुठलीच बाई नाकारणार नाही.

आईला एवढ्यात काही सांगू नकोस. पुढे सांगायला चांगलंच असेल.
तुझा
दादा, बिल्ला नंबर १४२


फुलसावंगी
ता. २१ जानेवारी १९६२

ती. दादास,
उड्या मारणाऱ्या सत्यशीलाचा जय भीम, वि. वि.

जिंकलो! तुझे बिल्ले केव्हाच गळ्यागळ्यांत गेले, कार्डं नंबरानं लावली. साहेब सोमवारी आले. खुर्चीवर बसले न बसले तोच मथुराबाई सुनेला बैलगाडीतून घेऊन आली. सून म्हणजे आपली वच्छलाबाई, पण तोंड पदराखाली होतं, हे मला कार्ड हातात आल्यावरच कळलं. तापानं फणफणलेली, शुद्ध नाही. मुलगा कापूस घेऊन बाहेरगावी गेलेला. म्हातारी एकच सांगून राह्यली होती, मारोतीची बायको, मारोतीची बायको. या गावात मारोतीच्या बायका सात आहेत! घनश्यामभाऊ सवयीनं रजिस्टर शोधू लागले. डॉक्टरांनी सुई भरायला घेतली.

मी तिच्या गळ्यातला दोरा ओढला. ८८. खण उघडला आणि कार्ड डॉक्टरांपुढे धरलं. लाल शाई पाहून त्यांनी सुई खाली ठेवली आणि दुसरं औषध दिलं. साहेब घड्याळ बघत होते. म्हणाले, अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी रांगेतल्या दहा जणांचे बिल्ले स्वतः वाचले, आणि दहाही कार्डं मी काढून दिली. शेऱ्यात लिहिलंय की ही पद्धत तालुक्यातल्या बाकीच्या दवाखान्यांनी पाहून जावी. माझी नोकरी पक्की करण्याची शिफारसही आहे. आईला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती रडली, मग पुन्हा गूळ आणायला निघाली.

घनश्यामभाऊंनी रजिस्टर कापडात बांधून कपाटावर ठेवलं. जाताना हळूच विचारलं, त्यांच्या घरच्यांसाठी चार बिल्ले उरले आहेत का. मी म्हटलं, राणी कोणत्या खणात ते आधी सांगा.

आज वच्छलाबाई स्वतःच्या पायांनी आली. बिल्ला दाखवला नाही. खिडकीत वाकली, मागं कुणी ऐकत नाही ना पाहिलं, आणि माझ्या कानात नवऱ्याचं नाव घेतलं. मारोती. म्हणाली, माह्या लाजेपायी माहा जीव जात होता, आता लेहून घे, पुन्हा नाही सांगणार. नवऱ्याच्या नावाचा रकाना मी केव्हाच खोडला आहे, हे मला सांगवेना. कार्डाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं, चांगल्या ठळक अक्षरात.

माया आहे तेवढीच ठेव, जास्तीची मीच वसूल करीन.
तुझी
सत्यशीला, बिल्ला नंबर १