उंटाच्या तोंडी वजीर

डोंबिवली पूर्व,
६ जानेवारी २०२५

चि. नीलास,
अ. आ. वि. वि.

तुझं चौदाव्या चालीचं पत्र पोचलं आणि किळस आली. मी पांढरी घेऊन दुसऱ्याच चालीत उंटापुढचं प्यादं तुझ्यापुढे टाकलं, पाचव्या चालीत घोडा सोडला, सगळा डाव हल्ल्यावर लावला. आणि तू वजीर उचलून थेट माझ्या उंटाच्या तोंडी ठेवलास. चाळीस वर्षं माझ्याशी खेळणारी बहीण ही चूक करत नाही.

दिवाळीत हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून सगळे मला जिंकू देतात. आमचा साकेत कॅरममध्ये राणी मुद्दाम सोडतो, खालचा प्रभाकर वादात नुसती मान डोलावतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास परवडला, पण ही दया नको. तू तरी भांडशील असं वाटलं होतं. अक्षरही काय ते, ओळी उतरणीला लागल्यात. भावासाठी तेवढेही कष्ट नकोत?

पट आवरतोय. लोभ ठेवायचा तर खरा ठेव.

अण्णा


कळवा,
१३ जानेवारी

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आमची सून समीक्षा लिहितेय, शब्द माझे आहेत. तुझा उंट मला दिसलाच नाही. नजरेच्या मधोमध डाग पडलाय. पटावरच्या ज्या घराकडे बघावं तेच पुसलं जातं. आता हे सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधीची पत्रं मी चाचपत लिहिली, म्हणून ओळी उतरल्या.

तुला कळवलं नाही, कारण मग तूही मला जिंकू दिलं असतंस.

समीक्षानं 'किळस' गाळून वाचायचा प्रयत्न केला, पण बिचारी अडखळली. पत्र पेटीत पडलं की चाल परत नाही, हा नियम तुझाच. तो शब्दही पटावरच राहील. उद्या संक्रांत, पण तुला गोड बोल म्हणणार नाही. वजीर घे. सोडलास तर मला तुझी किळस येईल. माझे दोन्ही हत्ती अजून उभे आहेत.

औषधं वेळेवर घे, माया असू दे.

नीला


डोंबिवली पूर्व,
२० जानेवारी

चि. नीलास,
अ. आ.

स्वतःची एवढी किळस येऊ शकते हे सत्तरी उलटल्यावर कळलं. शब्द परत मागत नाही, नियम माझाच आहे.

रविवारी पट घेऊन कळव्याला येतो. चाल तू बोलायची, मोहरे मी हलवीन. समीक्षाला सांग, माझ्या चहात साखर नको.

उंटानं वजीर मारला. तुझी चाल.

लोभ आहेच, तो असाच भांडखोर राहो.

अण्णा