तुझ्या आईच्या दारावरची फुली

प्रिय प्राजू,

मला लिहायची सवय नाही. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी बिलाशिवाय काही लिहिलेलं नाही, हे तुला माहीत आहे. आपलं सगळं बोलूनच चालायचं. तू तिकडे मलावी देशातून व्हॉइस नोट टाकायचीस, मी पनवेलमधून. आता बोलायला गेलो की दोन वाक्यांत आवाज फाटतो आणि मी पुसून टाकतो. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. मामा डोकावून गेला. "काय लिहितोस?" म्हटलं, अर्ज.

उद्या मला तुझ्या घरी जायचंय, शिरढोणला. तुझ्या आईनं बोलावलंय! तू मला तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच बाईक बंद करायला लावायचीस ना? आता मी तुमच्या पडवीत चप्पल काढतो. राग येतो मला, प्राजू. हे सगळं तू असताना का नाही झालं?

तुला आणलं त्या दिवशी मी स्मशानाच्या भिंतीपाशी उभा होतो. कुणाला सांगणार होतो मी कोण ते? विमानातून आलेली ती पेटी अँब्युलन्समधून उतरवायला माणसं कमी पडत होती. तुझा भाऊ बंटी माझ्याकडे बघून ओरडला, "ए निळा शर्ट! बघत काय उभा र्‍हायलास? हात लाव!" मी हात लावला. त्याला वाटलं, अँब्युलन्सबरोबर आलोय. एरवी कुणी मला 'ए' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी त्याचे पाय धरावेसे वाटले. त्याच्या त्या ओरडण्यामुळे मला तुला उचलता आलं.

आणि पेटी किती जड होती! तू तर फुंकर मारली तर उडशील अशी.

आता तक्रार करतो, ऐक. तू घरी एवढं खोटं का सांगून ठेवलंस? मला कारण माहीत आहे. बाबा काविळीनं गेल्यापासून तुमच्या घरात आजाराचं नावसुद्धा घेत नसत. कॉलऱ्याच्या साथीत काम करायला जाते म्हटलं असतं तर आईनं तुला उंबरठा ओलांडू दिला नसता. म्हणून तू सांगितलंस, मोठ्या शहरात आहे, लिफ्टचं घर आहे, एसी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून काम आहे. आणि ते टिकवायला काय काय केलंस! रविवारी जिल्ह्याच्या ऑफिसात जायचीस, मीटिंगच्या खोलीतला एसी लावायचीस, कुंडी ओढून पाठीमागे ठेवायचीस, आणि मग आईला व्हिडिओ कॉल. नंतर मला हसत सांगायचीस, "आज कुंडीला पाणी नव्हतं रे, आई म्हणाली तुमचा माळी कामचुकार आहे."

मीही हसलो होतो तेव्हा.

खरं तू फक्त मला सांगायचीस. पत्र्याच्या छपराची खोली. पहाटे शेजारची अग्नेस मका कांडायला लागली की ठोक ठोक आवाजानं यायची जाग. एका बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात नंतर मोजे. दुपारी दप्तरात घामानं चिकटलेले कागद. वीज गेली की लशीच्या फ्रीजची काळजी आधी आणि आपल्या जेवणाची नंतर. आणि ड्रायव्हर चिकोंडी! केवढा जळायचो मी त्या नावावर! "कोण हा? रोज याचंच नाव?" तू म्हणालीस, "भडक्या, त्याला नातवंडं आहेत."

त्या चिकोंडीनंच मला फोन केला. तू माझा नंबर त्याला कधी देऊन ठेवलास? हात मोडलेला माणूस हॉस्पिटलातून त्याच्या तुटक्या इंग्रजीत मला सांगत होता, आणि मी इथे ग्राहकाच्या फोनला स्क्रीनगार्ड लावत होतो. त्यात बुडबुडा राहिला. ते गिऱ्हाईक भांडलं. मी भांडलो नाही. मामा घाबरला माझ्या गप्प बसण्याला.

मग मागच्या आठवड्यात तुझी आई दुकानात आली.

मी तिला लगेच ओळखलं, तुझं कपाळ तिचंच आहे. तिनं पदराच्या गाठीतून तुझा फोन काढून काउंटरवर ठेवला. तुझ्या सामानाबरोबर आलेला. "पोरीचा हाय. ती तुमच्याकडंच द्यायची ना, दुरुस्तीला? उघडून दे."

उघडला मी. आत सगळा चिखल सुकून बसला होता. याच फोनचा माईक मी बदलला होता ना, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा? आता बोर्डच गेला होता.

"नाही होणार, मावशी."

"फोटू तरी?"

"काहीच नाही."

ती स्टुलावर बसली. "मला तिचा घर बघायचा व्हता रं. लिफ्टचा. कंपनीची मानसा बोलतान, गाडी चिखलात उलटली. माझी पोर हापिसात बसायची, ती चिखलात कशाला जाईल? खोटा बोलतान समदी. कायतरी लपवतान. माझ्या पोरीचा कुनीतरी कायतरी केलंय."

प्राजू, तुझी आई महिनाभर हेच धरून बसली होती! तुला कुणीतरी मारलं असं तिला वाटत होतं. बंटीशी भांडत होती, पोलिसात चल म्हणून. ज्या खोट्यानं तू तिला झोप मिळवून दिलीस, त्यानंच तिची झोप उडाली होती.

मला 'सॉरी मावशी' म्हणून फोन परत देता आला असता. कोण मी? फोनवाला. पण माझं डोकं तुला माहीत आहे, ते आधी चालतं आणि मी मागून जातो. मी बोलून गेलो. "मावशी, ती हापिसात नव्हती. ती गावोगाव फिरायची. कॉलऱ्याचा डोस पाजायला."

आणि मग थांबताच येईना. पत्रा सांगितला, बादली सांगितली, अग्नेस सांगितली. आणि फुलीसुद्धा सांगितली. डोस पाजून झाला की तुमची माणसं घराच्या दारावर खडूनं खूण करायची. घरातल्या सगळ्यांना मिळाला तर बरोबरची खूण, कुणी शेतावर-बाजारात गेलं असेल तर फुली. फुलीच्या घरी परत जायचंच. नदीपलीकडच्या वस्तीत काही दारांवर फुल्या राहिल्या होत्या. मी म्हटलं होतं, पाऊस थांबू दे. तू म्हणालीस, "दारावर फुली ठेवून मला झोप येत नाही रे." तिकडेच निघाला होतात तुम्ही. रस्ता कच्चा होता, आणि पावसानं कडेची माती सुटली होती. बस्स. कुणी काही केलं नाही.

तुझी आई ऐकत होती. मग म्हणाली, "तू कोन रं तिचा?"

"फोन दुरुस्त करायचो."

"फोन दुरुस्त करनाऱ्याला कुनी सांगतो का, आंघोल कशात केली ती?"

गणपतीला येशील तेव्हा तू आईला दोन्ही एकदम खरं सांगणार होतीस ना? एक नोकरीचं, एक माझं. दुसरं मला सांगावंच लागलं नाही.

आणि मग ती उठली. प्राजू, तुझी आई जे बोलली मला! "तुला म्हाईत व्हता ना समदा? आनि तू गप बसलास? आमी इकडं गावभर सांगतो, पोर लिफ्टनं वर जाते, आनि ती चिखलात! एक शब्द सांगला असतास तर मी तिला केस धरून आनली असती. जित्ती असती माझी पोर!" समोरचा चहावाला बघायला लागला. मामा आतून आला. मी मान खाली घालून उभा राहिलो. माझ्याकडे उत्तर होतं, तोंडाशी आलं होतं: तिनं शपथ घातली होती, मावशी. पण मेलेल्या माणसावर ढकलायचं? तेही तुझ्यावर?

ती फोन तिथंच टाकून गेली.

तीन-चार दिवसांनी बंटी दारात उभा. मी पान्हा शोधायला लागलो, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता मारामारी होणार. त्यानं मला नीट न्याहाळलं. "निळा शर्ट तूच ना?"

"हो."

"आईनं बोलावलंय. मला तुझ्याशी काय बोलायचं नाय. बस गाडीवर."

शिरढोणपर्यंत त्यानं गाडी दामटली. गल्लीच्या तोंडाशी मी सवयीनं म्हणालो, "इथेच थांबव." तो म्हणाला, "का? पाय मोडलेत का तुझे? दारापर्यंत सोडतो."

तुझी आई स्वयंपाकघरात होती. मला जमिनीवर बसायला सांगितलं, पाठ माझ्याकडेच. सॉरी नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "मासली मिलायची का तिला?"

म्हटलं, मिळायची. तिकडे मोठं तळं आहे, त्यातली बारीक मासळी वाळवून बाजारात विकतात. पहिल्यांदा वास आला तेव्हा तू बाजारात उभी राहून रडलीस, आणि मला म्हणालीस की आपल्या मोरा बंदराच्या जेट्टीवर उतरल्यासारखं वाटलं. लसूण ठेचून, चिंच घालून करायचीस. अग्नेसच्या घरी वाटी द्यायचीस, ती मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा द्यायची.

"चिंच किती घालायची?"

"ते नाही माहीत."

"जास्त घालत असंल. जिभेला चटक व्हती." मग वळली. "चूल का ग्यास?"

"कोळशाची शेगडी."

"पेटवता यायची?"

"आधी नाही. अग्नेसनं शिकवली. एकदा भुवया जळाल्या होत्या."

आणि तुझी आई हसली! खरंच. पदर तोंडाला लावून. बंटी बाहेरून आत आला, बघायला की काय झालं. "भुवया जाललेल्या तिच्या," तिनं त्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटतं रडत होता. मी बघितलं नाही.

मग भाकरी थापता थापता तिनं सगळी सकाळ विचारून घेतली. कितीला उठायची, पाणी कुठून आणायची, केस कोण बांधून द्यायचं, आजारी पडली तेव्हा कुणी बघितलं. मी सांगत गेलो. मध्ये एकदा गोड करून सांगावं असं फार वाटलं. मलेरियाचं विचारलं तेव्हा. पण म्हटलं, नको, हे गोड करूनच सगळं झालंय. सांगितलं, दोनदा झाला होता, अग्नेस उशाशी बसली होती. भाकरी एका बाजूनं करपली, तुझ्या आईनं तशीच माझ्या ताटात वाढली.

आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. माझ्याकडे न बघता. "गाडी पडताना 'आये' बोलली असंल का रं?"

प्राजू, किती सोपं होतं हो म्हणणं! एक अक्षर. चिकोंडीला तेव्हा शुद्ध नव्हती, कुणीच ऐकलेलं नाही, कोण मला खोटं ठरवणार होतं? पण तुझी ती एसीची खोली डोळ्यांसमोर आली, ती कुंडी.

"माहीत नाही, मावशी."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग हळूच म्हणाली, "बोललीच असंल." आणि पुढची भाकरी टाकली.

निघताना म्हणाली, "रविवारी ये. आज निसती सकाल सांगलीस. दुपार र्‍हायलीय."

उद्या रविवार.

एक सांगायचं राहिलं. चिकोंडीचा काल मेसेज आला. नदीपलीकडे तुमची माणसं जाऊन आली. ओळीनं सगळ्या दारांवरच्या फुल्या पुसून बरोबरच्या खुणा केल्या. त्यानं फोटो पाठवलाय, निळं दार, पांढरा खडू. उद्या तुझ्या आईला दाखवणार आहे. तिला तुझं घर बघायचं होतं ना? तू जिथं जायला निघालीस ते दार तरी बघेल.

तू मला नेहमी म्हणायचीस, भडक्या, तू एक गोष्ट पुरी करत नाहीस. कॉलेज नाही, भांडण नाही, जेवण नाही. खरं आहे. प्रेमसुद्धा अर्धंच राहिलं आपलं, पण त्यात माझी चूक नाही आणि तुझ्यावर मी चिडलोय. अजून बराच काळ चिडलेला राहणार आहे.

पण हे वचन घे. उद्या दुपार सांगेन. पुढच्या रविवारी संध्याकाळ. मग बाजार, मग पावसाळा, मग तुझे रुसवे, तुझ्या जांभया, सगळं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन. करपलेली भाकरी खाईन, शिव्या खाईन, उलटं बोलणार नाही. तुझ्या आईच्या दारावर फुली आहे, प्राजू. मी परत जात राहीन.

तुझा,
भडक्या