मारुतीच्या नवसाचा काटा

१ फेब्रुवारी १९९३, वालूर
पुण्याहून मायक्रोकंट्रोलरची चिप आली. शेजारच्या बायनाबाईच्या नातवाचा ताप उतरला. त्याच्या वजनाइतक्या गुळाचा नवस ती मारुतीला बोलली आहे. तो मी बनवत असलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलायचा. शनिवारी, २७ तारखेला. तोवर चहा बंद.

४ फेब्रुवारी
चिपला विजेचे दोन पाय. डिजिटल पाय आकडेमोडीसाठी, ॲनालॉग मापण्यासाठी. दोन्हींना पाचच व्होल्ट! मग दोन कशाला? कंपनीचा डाव दिसतो. वीज स्थिर ठेवणारा जास्तीचा रेग्युलेटर खपवायचा असेल. दोन्ही पाय एकाच तारेला जोडले. देव एक, वीजही एक.
चहा घेतला. अर्धाच.

११ फेब्रुवारी
वजन तेच, आकडा नाचतो. समोरचा रेडिओवाला रंगनाथ फार वेळ बघत होता. म्हणाला, भुजंगदादा, लाल आकडे पेटले की वीज हालायलीय, मापायच्या पायाला येगळी, गाळलेली वीज द्या.
वीज काय दूध आहे? त्याला माझे सर्किट बघायचे आहे. काट्यावर पोते टाकले.

१२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून कोणावर संशय घ्यायचा नाही. एक माळ जास्त ओढली.

दुपारी
पोते सरकलेले. बायको म्हणते, मांजर. पण मांजर रंगनाथकडेही जाते.

२० फेब्रुवारी
ठरले. पहिला आकडा खरा, पुढचे सगळे माया.

२७ फेब्रुवारी, शनिवार
नातू बसवला. नऊ किलो. गूळ ठेवला. नऊ! मी हात जोडले. तेवढ्यात गुरव लिंबाजी म्हणाला, लेकरू परत बसवा बरं. चौदा. मग अकरा. पारावरून कोणी ओरडले, पोरगं बसल्या जागी वाढायलंय की! सगळे हसले. बायनाबाई हसली नाही. म्हणाली, दादा, ज्यानं पोरगं राखलं त्यालाच फसवायला लावता व्हय?
किराणावाल्या चंद्रभानचा तराजू आला. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. नवस फिटला. माझ्या काट्यावर प्रसादाची परात ठेवली.

२८ फेब्रुवारी
रंगनाथने न विचारता मापायच्या पायाला वेगळा रेग्युलेटर लावला. आकडा एकदम थांबला. योगायोग. बायनाबाईला दाखवायला बोलावले. म्हणाली, देवाचं झालं, आता तुमीच बसा.
बसलो. आकडा जराही हलला नाही. तो इथे लिहीत नाही. रंगनाथने आत काहीतरी केले आहे.